बिननावाचं माप

"आता डोळे मिटा," समुपदेशक बाई म्हणाल्या, "दोघींनीही."

मावशीने अंग चोरून घेतलं आणि डोळे मिटले, म्हणजे अर्धेच मिटले. खुर्ची पहिलीतल्या मुलांसाठी केलेली होती, त्यामुळे तिचे गुडघे पार हनुवटीपर्यंत आले होते. शेजारच्या तशाच खुर्चीत गुंडी नीट मावली होती. गुंडी म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं आठ. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. पण रांगत्या वयात तिने मावशीच्या शिवणाच्या डब्यातली एक गुंडी गिळली, दोन दिवस सगळ्या घराचा जीव टांगणीला लावला, आणि तेव्हापासून घरात ती गुंडीच झाली.

"समोर एक बाग आहे," बाई हळू आवाजात सांगू लागल्या. "दार उघडं आहे. आपण आत जातोय. झाडाखाली एक बाक आहे, त्यावर कुणीतरी बसलंय. आपल्या मनात जे आहे ना, तेच तिथे येऊन बसलंय. कसं दिसतं ते? सांग बघू."

गुंडीने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

"बाग बंद आहे," गुंडी म्हणाली.

"बरं. मग आपण माळीकाकांना सांगू या, दार उघडा म्हणून."

"माळीकाका सुट्टीवर आहेत."

मावशीला हसू आलं, ते तिने ओठ आत घेऊन दाबलं. लगेच तिला स्वतःचाच राग आला. तीन आठवडे या मुलीने वर्गात अवाक्षर काढलं नव्हतं. डबा जसाच्या तसा घरी परत येत होता. इथे हसण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी गुंडीला मैदानावर पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"मुलांना 'तुला काय होतंय' असं विचारून उपयोग नसतो. त्यांना तरी कुठे ठाऊक असतं? पण त्या होण्याला हातपाय दिले, तोंड दिलं, की बोलायला लागतात. तुम्ही घरी करून बघा. बागच हवी असं नाही, तिच्या ओळखीच्या जागी न्या तिला. आणि जे येईल त्याला हाकलू नका. या म्हणा, बसा म्हणा."

"मला नाही हो जमायचं. मी शिवणारी बाई. मला कापड समोर दिसावं लागतं."

"बघा तर खरं. या महिन्याअखेर फरक पडला नाही, तर मला तिच्या आईला कळवावं लागेल."

मावशीने मान हलवली. आईला कळवलं की काय होणार, हे तिला पक्कं माहीत होतं. धाकटी दूरच्या शहरात मोठ्या इस्पितळात परिचारिकेचं शिक्षण घेत होती. दोन वर्षांतले सोळा महिने झाले होते, आठ राहिले होते. मुलगी बोलत नाही म्हटल्यावर ती सगळं टाकून पुढच्या गाडीने आली असती, आणि सोळा महिन्यांवर पाणी पडलं असतं. जाताना ती ताईचे दोन्ही हात धरून रडली होती. तेव्हा ताईने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "मी आहे ना? काळजी कसली करतेस?"

बाहेरच्या लांब व्हरांड्यात दरवर्षीचे वर्गांचे फोटो टांगलेले होते. मुलं पुढे आणि त्यांचे पालक मागे. गेल्या वर्षीच्या फोटोत मागच्या रांगेत मावशीही होती. दुकानातून धावत आलेली, गळ्यात टेप तसाच, कॉलरला चार टाचण्या टोचलेल्या आणि खांद्यावर एक लांबलचक पांढरा दोरा. आजूबाजूच्या आया नटूनथटून उभ्या होत्या. मावशी त्या फोटोसमोर थांबली नाही. गुंडी मात्र रोजच्यासारखी थांबली आणि मग धावत येऊन तिने मावशीचं बोट धरलं.

मावशीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी पायाने चालवायचं शिवणयंत्र, मधे कापण्याचं टेबल, दाराला पितळेची घंटा आणि कोपऱ्यात गुंडीचं स्टूल. अंक लिहिता यायला लागल्यापासून मापं लिहायचं काम गुंडीकडे होतं. मावशी टेप लावायची आणि एका सुरात म्हणत जायची, "खांदा पंधरा, छाती अडतीस, बाही एकवीस", आणि गुंडी मापाच्या वहीत लिहायची. गिऱ्हाइकाचं नाव वर, देण्याची तारीख खाली. मोठमोठ्या बायका त्या चिमुरडीपुढे पोट आत घेऊन उभ्या राहायच्या. हे सगळं अजून चालू होतं. फक्त तीन आठवड्यांपासून गुंडी लिहायची आणि गप्प राहायची. पूर्वी ती गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्या चालण्याची नक्कल करायची, ती बंद झाली होती.

त्यात घरातल्या वस्तू जागेवर सापडेनाशा झाल्या होत्या. खडू गेला, तो सापडला. पण निळ्या दोऱ्याचं रीळ गेलं ते गेलंच. दुसरं आणलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा आणायला गेल्यावर समोरचा दुकानदार म्हणाला होता, "दोरा खाता की काय तुम्ही?" तेही तिसरं रीळ दोन दिवसांत नाहीसं झालं. मावशीने स्वतःला म्हातारी ठरवून टाकलं आणि गप्प बसली.

रविवारी धाकटीचा फोन आला. गुंडी "हो", "नाही", "जेवले" एवढंच बोलून आत पळाली.

"ताई, बोलत का नाही गं ती?"

"परीक्षा आलीय. अभ्यासाचं डोक्यात असेल."

"आठच महिने. मग घेऊन जाते तिला. इथे खोलीसुद्धा बघून ठेवलीय. किती दिवस तुझ्या गळ्यात ओझं?"

"ओझं कसलं त्यात," मावशी म्हणाली. फोन खांद्याने कानाशी दाबून ती गुंडीच्या गणवेशाचा काठ सोडत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि नंतर बराच वेळ तो ओठांतच राहिला.

त्या रात्री पोरीचं अंथरूण घालताना मावशीने बागेचा प्रयोग करून पाहिला. बाग उभी केली, त्यात फुलं लावली, मग तिथे पाणी कोण घालतं यावर अडकली आणि शेवटी म्हणाली, "जाऊ दे, झोप." गुंडीने तिच्याकडे जरा दयेनेच पाहिलं. मावशीला बाग कुठून सुचणार? तिच्या खिडकीत एक कुंडी होती आणि तिच्यात ती टाचण्या खोचायची.

सोमवारी गुंडी शाळेतून आली. मावशीने दुकानाच्या दारावरची पाटी "बंद" अशी फिरवली, दार लोटलं आणि पोरीला स्टुलावर बसवलं.

"डोळे मीट."

"बाग नको."

"बाग हवीय कुणाला? आपलंच दुकान आहे. तू स्टुलावर आहेस, मी मशीनवर आहे. आणि ही घंटा वाजली." मावशीने हात लांब करून खरोखरच घंटा वाजवली. "गिऱ्हाईक आलं. कोण आहे?"

मावशीला वाटलं, आता म्हणेल दुकान बंद आहे.

"तेच," गुंडी म्हणाली.

"तेच म्हणजे?"

"रोज येतं ते."

कुणाला घाबरतेय ही पोर? दार उघडून बघावं, असं तिला वाटून गेलं. पण बाई म्हणाल्या होत्या, हाकलू नका.

"मग या म्हण त्याला. बसायला सांग."

"बसत नाही. त्याला घाई आहे. दारातच उभं राहतं. अर्धं आत, अर्धं बाहेर. आपल्याकडे पाठ करून."

"हातात काय आहे त्याच्या?"

"कापड. निळं."

मावशीने कपाटाकडे पाहिलं. कपाट बंद होतं, आणि किल्ली तिच्याच कमरेला होती.

"निळं तर निळं. काय शिवायचंय म्हणे?"

"लांब झगा."

"मग माप घ्यायला हवं." मावशी उठली. तिने टेप घेतला आणि दारापाशी जाऊन त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिली. रस्त्यावरून कुणी पाहिलं असतं तर बाईचं डोकं फिरलं असंच म्हटलं असतं. पण टेप हातात आला की मावशीला कशाचीही लाज वाटत नसे. "आज तू सांग, मी लिहिते. खांदा?"

"चौदा. डावा अर्धा इंच खाली."

"छाती?"

"छत्तीस. कंबर बत्तीस. लांबी अठ्ठेचाळीस. बाही बावीस, उजवी पाव इंच जास्त." गुंडी एका सुरात सांगत होती, अगदी मावशीसारखीच, कुठेही न अडखळता.

मावशीची पेन्सिल मागे पडली. वीस वर्षं एकाच बाजूला वाकून मशीनवर बसलेल्या माणसाचा डावा खांदा खाली येतो. असा एक खांदा तिला रोज सकाळी आरशात दिसत होता.

"नाव काय घालू?" तिने विचारलं. आवाज तिने मुद्दाम रोजचाच ठेवला.

"त्याच्यावर नाव नाही."

"आणि तारीख?"

"अठरा. मग ते जाणार."

मावशीने वहीची पानं मागे उलटली. तीन आठवड्यांपूर्वीचं पान निघालं. एका दुपारी गुंडी शाळेत असताना मावशीने आरशासमोर उभं राहून, टेप स्वतःभोवती कसाबसा गुंडाळून, लाजत लाजत ही मापं घेतली होती. वर नाव घातलं नव्हतं. स्वतःच्याच वहीत स्वतःचं नाव गिऱ्हाईक म्हणून काय लिहायचं? खाली मात्र तारीख होती, अठरा. दोन्ही पानांवर एकच माणूस होतं, पाव इंचाचाही फरक नव्हता.

ती येऊन गुंडीच्या स्टुलापाशी जमिनीवर बसली.

"गुंडे, डोळे उघड."

"गेलं का ते?"

"नाही. इथेच आहे. मीच ना ती?"

गुंडीने मान हलवली आणि मग तीन आठवडे कोंडून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती हुंदके देत होती, नाक पुसत होती आणि मधेमधे बोलत होती. वहीतलं ते बिननावाचं माप तिने वाचलं होतं, आणि रात्री मावशीला निळं कापड शिवताना चोरून पाहिलं होतं. आजोबांनी इस्पितळात जायच्या आधी नवा पायजमा शिवून घेतला होता, ते गेले. आईने नवा कोट शिवून घेतला, तीही गेली. बाहेरची माणसं कपडे नेतात आणि पुन्हा येतात, बाही सैल करायला, काठ सोडायला. आपल्या घरातलं माणूस नवं शिवून घेतं ते जायचं म्हणून.

"अगं, मग तुझे फ्रॉक? ते नाही मी शिवत?"

"मी वाढते म्हणून शिवतेस. तू कुठे वाढतेस?"

पोरीच्या तर्कात खोट काढायला जागाच नव्हती. जगाचे कपडे शिवणारी ही बाई स्वतः बाजारातून तयार कपडे आणून घालायची, कारण तिच्याच दुकानात तिचा नंबर कधी लागायचा नाही. अशा बाईने गुपचूप स्वतःचं माप घ्यावं आणि खाली तारीख घालावी, म्हणजे दुसरं काय समजायचं?

तिने कपाट उघडलं आणि आतला निळा झगा काढून पोरीच्या मांडीवर ठेवला. एक बाही लागली होती, दुसरी नुसती टाचलेली होती.

"अठरा तारखेला काय आहे तुझ्या शाळेत?"

गुंडीने विचार केला. "वर्गाचा फोटो."

"गेल्या वर्षीच्या फोटोत मी कशी दिसते, बघितलंस? गळ्यात टेप, अंगावर दोरे. सगळ्यांच्या आया कशा छान दिसतात. मला वाटलं, या वर्षी तुझ्या मागे जरा माणसासारखं उभं राहावं. तुला एकदम दाखवणार होते. म्हणून लपवलं. चुकलंच माझं."

"मला तो फोटो आवडतो," गुंडी म्हणाली. "मी रोज बघते. त्यात तू लगेच सापडतेस."

मावशीने तिला ओढून छातीशी धरलं. "कुठेही जात नाही मी, वेडाबाई. कशी जाईन? मशीन उचलवतं तरी का मला?"

गुंडी रडता रडता हसली. मावशीचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी ऐकलं हे हसणं! तिने पोरीचे केस मागे सारले, नाक पुसलं आणि म्हणाली, "आता एवढी एक बाही लागायची राहिलीय. पण निळा दोरा मेला कुठे जातो, कळत नाही."

गुंडी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागली. मग एकदम म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे येतं का कुणी?"

"माझ्याकडे कशाला येईल? मी मोठी आहे."

"बाई म्हणाल्या होत्या, दोघींनीही."

मावशीने टाळायला तोंड उघडलं. पण पोरीचा चेहरा पाहून ती मुकाट्याने मशीनसमोरच्या खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले. या वेळी पुरते मिटले. गुंडीने वही आणि पेन्सिल घेतली, दारापर्यंत गेली आणि घंटा वाजवली.

"गिऱ्हाईक आलं. कोण आहे?"

मावशीला वाटलं होतं, काहीतरी थाप मारून वेळ मारून नेऊ. पण डोळे मिटल्यावर दार खरंच उघडलं.

"लहान आहे गं," ती म्हणाली. "पाठीवर दप्तर आहे. एका हातात पेटी."

"बस म्हण त्याला."

"तेही बसत नाही. कुणीतरी न्यायला आलंय त्याला. खुशीत आहे."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे," मावशी म्हणाली. "अगदी चांगलं आहे."

गुंडीने वहीचं कोरं पान काढलं. मग तिने गिऱ्हाइकांशी बोलायचा आवाज काढला. "माप सांगा."

मावशीला टेप लागला नाही. "खांदा अकरा. छाती साडेपंचवीस. लांबी साडेअठ्ठावीस. बाही साडेसोळा."

पेन्सिल चालली आणि थांबली. पानं उलटल्याचा आवाज झाला. शाळा सुरू झाली तेव्हाच्या पानावर गुंडीने स्वतःच्याच हाताने एका गणवेशाचं माप लिहिलं होतं. खांदा साडेदहा, छाती पंचवीस, लांबी अठ्ठावीस, बाही सोळा. तिने दोन्ही पानांत एकेक बोट ठेवलं आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. सगळं अर्धा अर्धा इंच वाढलं होतं.

"नाव काय घालू?" तिने विचारलं.

"राहू दे."

"तारीख?"

"अजून आठ महिने आहेत."

मशीनच्या चाकावर ठेवलेला मावशीचा हात तसाच होता.

"मावशी, हे गिऱ्हाईक वाढतंय."

"हो ना."

"मग एकदा माप घेऊन भागणार नाही. मी सांगते त्याला. दर सुट्टीत यावं लागेल माप द्यायला. पेटी घेऊन. आणि राहावं लागेल, कारण तू एका दिवसात काहीच शिवून देत नाहीस."

मावशीने नुसती मान हलवली. बंद पापण्यांखालून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. छोटी पावलं आतल्या खोलीत पळत गेली, कुठेतरी पलंगाखालून बुटांचं खोकं ओढल्याचा आवाज आला आणि पावलं परत आली. मावशीचा चाकावरचा हात सोडवून कुणीतरी उलटा केला. तळव्यावर एक रीळ ठेवलं गेलं. मग दुसरं. तिसरं मावेना, तेव्हा तिची बोटं मिटवून ते वर दाबून बसवलं.

"डोळे उघडू का?" मावशीने विचारलं.

"थांब," गुंडी म्हणाली. "नाव घालतेय."